जुना मल्चर घेतलाय? धारेआधी बोल्ट आणि वजन बघा

ऊसतोड संपत आली की खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाची) घाई सुरू होते. यंदा याच घाईत तीन शेतकऱ्यांनी पाचटाची (उसाच्या वाळल्या पानांची) कुट्टी करणाऱ्या मल्चरबद्दल विचारलं आहे. एकाने पाच फुटी मल्चर जुना घेतला आणि तो चालू केला की ट्रॅक्टरची सीटसुद्धा थरथरते. दुसऱ्याला वाय पाती (इंग्रजी Y आकाराची, कापणारी) घालावीत की हॅमर (जड, ठेचणारी), ते ठरवता येत नाही. तिसऱ्याला लोहार कमानपाट्याची (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीची) पाती निम्म्या पैशांत करून देतो म्हणतोय. तिन्ही प्रश्नांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

थरथरणारा मल्चर आधी बंद करा. ‘दोन एकर राहिलंय, तेवढं उरकतो’ असं करू नका. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद मल्चरला देणारा दांडा) सोडवलेला, आणि मल्चरखाली भक्कम लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.

आता प्रत्येक पातं हाताने हलवून बघा. रोटर म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा; त्याच्यावरच्या कानांत (पातं अडकवायच्या पट्ट्यांत) ते मोकळं झुललं पाहिजे, पण डावी-उजवीकडे लडबडता कामा नये. बोल्ट काढून भोकाकडे नीट बघा. गोल भोक झिजून अंड्यासारखं लांबट झालं असेल, बोल्टला मधोमध खाच पडली असेल, तर पातं कितीही धारदार असो, ते बाद. रोटरच्या कानांची वेल्डिंग तारेच्या ब्रशने घासून उजेडात तपासा. केसाएवढी चीर दिसली तरी रोटर चांगल्या लेथवाल्याकडे न्या. तिथे दुरुस्तीनंतर रोटर बॅलन्स करून घेण्याचाही आग्रह धरा.

मग पाती वजनकाट्यावर ठेवा. किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो. रोटर मिनिटाला २००० फेरे घेतो असं धरलं, तर समोरासमोरच्या दोन पात्यांतल्या फक्त २० ग्रॅमच्या फरकाने १५ ते २० किलोचा हिसका बसतो, तोही दर फेऱ्याला. सीट थरथरते ती बहुतेक वेळा यामुळेच. आधीच्या मालकाने तुटलं तेवढंच पातं बदललेलं असतं. एक नवं, समोरचं झिजलेलं. म्हणून पाती बदलायची तर पूर्ण संच. ते जमणारच नसेल, तर समोरासमोरची जोडी तरी एकदम बदला आणि सारख्या वजनाच्या जोड्या लावा.

पाती ठीक असूनही थरथर राहिली तर रोटरच्या टोकांची बेअरिंगं बघा. एका शेतात मी स्वतः झाकण उघडून पाहिलं, तर ठिबकची जुनी लॅटरल (प्लॅस्टिकची बारीक नळी) शाफ्टला गुंडाळून वितळून घट्ट बसली होती. तिने सील कापलं, ग्रीस बाहेर गेलं आणि बेअरिंग कोरडं जळालं. मल्चर शेतात घालण्याआधी लॅटरल आणि सुतळ्या गोळा करा, हे काम मजुरावर सोडून देऊ नका.

वाय की हॅमर? काळ्या, बिनदगडाच्या रानात फक्त पाचट आणि गवत असेल तर वाय घ्या. वजनाला हलकी, ट्रॅक्टरवर ताण कमी आणि काप स्वच्छ. दोन्ही कडांना धार असेल तर एक बाजू बोथट झाल्यावर उलटवूनही वापरता येतात. पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं), द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या किंवा मुरमाड रान असेल तर हॅमर. तो कापण्यापेक्षा ठेचतो, दगडाचा मार जास्त सोसतो, पण ट्रॅक्टरला ताकद लागते. छोट्या ट्रॅक्टरला हॅमर लावून इंजिन दबत असेल तर तो हट्ट सोडा. आणि रोटर ज्या पात्यासाठी बनला आहे तेच घाला. कानाची रुंदी आणि दोन कानांमधलं अंतर पात्यानुसार असतं.

लोहाराच्या पात्यांना माझा स्पष्ट नकार आहे. कमानपाट्याचं पोलाद चांगलंच असतं, पण भट्टीत तापवून वाकवलं की मूळ पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं. पुन्हा नुसतं पाण्यात बुडवलं तर ते काचेसारखं ठिसूळ होतं. एक किलोच्या हॅमरवर फिरताना ८०० ते ९०० किलोची ओढ असते. तो तुकडा सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा जाईल. झिजलेल्या पात्यावर वेल्डिंगचा थर चढवणं त्याच कारणाने धोक्याचं आहे. वाय पात्याला धार लावताना ग्राइंडर टेकवत-उचलत चालवा. कडेला निळी झाक आली की तिथलं पाणी गेलं.

बोल्ट मात्र नवेच, कंपनीच्या मापाचे, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा आकडा असलेले. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही. रोटर फिरवणारे पट्टेही सगळे एकदम बदला. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सीलसकट बदला. पुढच्या साखळ्या आणि मागचा रबरी पडदा नसेल तर बसवल्याशिवाय यंत्र रानात नेऊ नका.

मागचा रोलर असा लावा की पाती मातीपासून ३-४ सेंटीमीटर वर राहतील. बुडखे छाटायचं काम मल्चरवर टाकू नका, ते फाटतात आणि फुटवा कमी येतो. धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. कुट्टीवर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन द्या.

नवी पाती बसवल्यावर पाच मिनिटं रिकामं चालवा, मागेपुढे आणि बाजूला माणूस-पोर कुणी नको. तासाभराच्या कामानंतर थांबून सगळे नट पुन्हा पान्याने तपासा.