वाचकांचे प्रश्न : उत्पन्न कसे विचारावे आणि ३८४ हा आकडा कोठून येतो?

या वेळची बहुतेक पत्रे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून, लघुप्रबंध किंवा प्रबंध लिहीत असलेल्या वाचकांकडून आली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘सोलापूर शहरातील विडी कामगार स्त्रियांची आर्थिक स्थिती’ हा माझा विषय आहे. प्रश्नावलीत मासिक उत्पन्नाचे पाच गट दिले होते. विडी घरकुल परिसरात प्रश्नावली भरून घेताना बहुतेक जणींनी सर्वांत खालच्या गटावर बोट ठेवले, आणि काहींनी ‘तसं सांगता येत नाही’ असे म्हटले. उत्तरे खोटी समजावीत काय?

उत्तर : उत्तरांना खोटे ठरवण्यापूर्वी आपला प्रश्न तपासावा. ‘आर्थिक स्थिती’ ही संकल्पना आहे, आणि संकल्पना जशीच्या तशी कोणाच्या दारात जाऊन विचारता येत नाही. या अभ्यासापुरते आर्थिक स्थिती म्हणजे काय काय धरले आहे, हे प्रथम लिहून काढावे लागते. यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. त्या व्याख्येतून मोजता येण्याजोगे निर्देशक ठरतात, आणि प्रश्नावलीतील प्रश्नाची पाळी त्यानंतर येते. आपण मधल्या दोन्ही पायऱ्या गाळून थेट ‘मासिक उत्पन्न’ या निर्देशकावर आलात, आणि हा निर्देशक पगारदार माणसाच्या आयुष्यातून उचललेला आहे. विडी वळणाऱ्या स्त्रीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवून कापायचे, विड्या वळून माल परत द्यायचा, त्यातला काही माल तपासणीत बाद व्हायचा, आणि दिलेले पान कमी पडले तर पदरचे पैसे घालून विकत घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तिला जो हिशेब मनातल्या मनात करावा लागतो, तो तिने कधी केलेला नसतो. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर माझ्या मते आपल्याला मिळालेल्या उत्तरांतले सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

प्रश्न असे मोडून पाहावेत. मागच्या सात दिवसांत किती दिवस माल दिला? साधारण किती विड्या दिल्या? त्यांतल्या किती बाद झाल्या? हातात किती पैसे पडले, आणि फंडापोटी किंवा उचलीपोटी काही कापले गेले काय? पान विकत घेतले असल्यास कितीचे? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिला तोंडपाठ असते. बेरीज-वजाबाकी संशोधकाने घरी येऊन करायची असते. सात दिवसांचा कालखंड का, असे मार्गदर्शक विचारतील. आठवण जितकी जवळची तितकी पक्की, म्हणून. राष्ट्रीय नमुना पाहणीतही खर्चाबद्दल विचारताना भाजीपाल्यासारख्या वस्तूंसाठी सात दिवस आणि कपडे, टिकाऊ वस्तू यांच्यासाठी वर्ष, असे निरनिराळे कालखंड वापरले गेले आहेत. मात्र एका आठवड्याला ५२ ने गुणून वर्ष काढू नये. सणासुदीचे, आजारपणाचे आणि कच्चा माल न मिळाल्याचे आठवडे वेगळे विचारावेत.

याहून अवघड बाब पुढेच आहे. आपण उत्पन्न कोणाचे मोजता आहात? ओळखपत्र सासूच्या नावावर असते, पान सून कापते, शाळेतून आलेली मुलगी विड्या बांधते, आणि माल एकाच नावावर जमा होतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या व्यक्तीलाही कामगार मानले होते. परंतु कायद्याच्या नोंदीत दिसणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष राबणारे हात यांची संख्या एकच असेल असे नाही. विश्लेषणाचे एकक व्यक्ती आहे की कुटुंब, हे ठरवल्याशिवाय आपण चार जणींच्या कष्टाचे पैसे एकीच्या नावापुढे लिहाल आणि तिची ‘दरडोई मजुरी’ चांगली आहे असा निष्कर्ष काढून मोकळ्या व्हाल. एकक कुटुंब ठेवले तरी चालेल. मग विषयाच्या शीर्षकातील ‘स्त्रियांची’ हा शब्द बदलावा लागेल, किंवा घरात आलेले पैसे कोणाच्या हाती राहतात हा स्वतंत्र प्रश्न घ्यावा लागेल. मला दुसरा पर्याय अधिक मोलाचा वाटतो.

सर्वांत खालच्या गटाबद्दलही एक सांगणे आहे. ज्या शहरालगत कुंभारीला विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तेथे कागद घेऊन दारात आलेली व्यक्ती ही योजनेचीच व्यक्ती असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. रेशन कार्ड, घरकुल, शिष्यवृत्ती हे सारे उत्पन्नाच्या दाखल्यावर अवलंबून असताना अनोळखी माणसाला मोठा आकडा कोण सांगेल? आपण कोण आहोत आणि ही माहिती कोणाकडे जाणार नाही, हे आरंभी तेलुगू बोलणाऱ्या घरात तेलुगूतून आणि कानडी घरात कानडीतून सांगितले, तरी पुष्कळ फरक पडेल. उत्पन्नाचा प्रश्न पहिल्या पानावर ठेवू नये.

प्रश्न : यंत्रमाग कामगारांवर पीएच.डी. करीत आहे. नमुना ३८४ चा घ्यावा असे सर्वच जण सांगतात. हा आकडा कोठून आला? ३८४ जणांकडून गुगल फॉर्म भरून घेतल्यास चालेल काय?

उत्तर : आकडा साध्या सूत्रातून येतो. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी, म्हणजे शंभरांपैकी ९५ वेळा अंदाज ठरवलेल्या त्रुटीच्या आत राहावा यासाठी, १.९६ ही संख्या घेतात. तिचा वर्ग ३.८४१६. समष्टीतील, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्या संपूर्ण समूहातील, प्रमाण ठाऊक नसल्याने ते सर्वांत प्रतिकूल, म्हणजे निम्मे, धरतात, ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. स्वीकारार्ह त्रुटी पाच टक्के, म्हणून ०.०५ चा वर्ग ०.००२५. ३.८४१६ आणि ०.२५ यांच्या गुणाकाराला ०.००२५ ने भागले की ३८४.१६ येतात. समष्टी मोठी असेल तर ती वीस हजारांची आहे की वीस लाखांची, याने उत्तरात जवळजवळ फरक पडत नाही. म्हणून हा आकडा गावोगावच्या प्रबंधांत सारखाच दिसतो.

पण या सूत्रात एक अट गृहीत धरलेली आहे, आणि नेमकी तीच प्रबंधांतून गळून पडते. निवड साध्या यादृच्छिक पद्धतीने झालेली असली पाहिजे, म्हणजे समष्टीतील प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे. गुगल फॉर्म ओळखीच्या गटांत फिरतो. तो भरणारा कामगार स्मार्टफोन असलेला, वाचता येणारा, आणि बहुधा संघटनेच्या किंवा आपल्या मित्राच्या ओळखीचा असतो. अशा ३८४ जणांवरून काढलेली पाच टक्के त्रुटी ही निव्वळ सजावट ठरते. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरीही रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकतील हे भाकीत सपशेल चुकले; रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून घेतली होती, आणि मंदीच्या काळात टेलिफोन वा मोटार बाळगणारा मतदार सरासरी मतदार नव्हता. शिवाय मतपत्रिका मिळूनही ज्यांनी ती परत पाठवली नाही, त्यांचा कल निराळा होता. त्याच वेळी जनमत-पाहणी करणारे जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

तेव्हा ३८४ ची चिंता नंतर करावी. आधी समष्टी ठरवावी. यंत्रमाग कामगार म्हणजे केवळ माग चालवणारा की माग दुरुस्त करून चालू ठेवणारा जॉबरही? कांड्या भरणाऱ्या स्त्रिया त्यात येतात की नाही? घरी टॉवेलला शिलाई मारणाऱ्या स्त्रिया? या उत्तरावर आपल्या प्रबंधातील स्त्री-पुरुष प्रमाण अवलंबून राहील, आणि ते प्रमाण पुढे ‘निष्कर्ष’ म्हणून छापले जाईल. त्यानंतर यादीचा, म्हणजे नमुना-चौकटीचा प्रश्न येतो. सर्व कामगारांची विश्वासार्ह यादी मिळणार नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. अशा वेळी टप्प्याटप्प्याने निवड करावी: प्रथम अक्कलकोट रोडची औद्योगिक वसाहत, पूर्व भागातील पेठा आणि शहराच्या कडेचे भाग यांची विभागवार नोंद, मग प्रत्येक विभागातील शेड स्वतः फिरून मोजून त्यांतून चिठ्ठ्या टाकून काही शेड, आणि निवडलेल्या शेडमधील दोन्ही पाळ्यांच्या कामगारांतून काही कामगार. पायपीट होईल, दुसरा मार्ग मला दिसत नाही. एका शेडमधील कामगार पुष्कळ बाबतींत एकमेकांसारखे असल्याने अशा नमुन्यात त्रुटी वाढते, म्हणून संख्याही ३८४ हून जास्त ठेवावी लागेल.

आपण मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू भाषक कामगारांची तुलना करणार आहात, असे पत्रात लिहिले आहे. ३८४ चे चार समान भाग केले तर प्रत्येकी ९६ येतात, आणि ९६ च्या गटात त्रुटी सुमारे दहा टक्क्यांवर जाते. म्हणजे दोन गटांतील आठ-दहा टक्क्यांच्या फरकावर आपण एक पूर्ण प्रकरण लिहाल, आणि तो फरक नमुन्याच्या चढउताराचा असण्याचीही तेवढीच शक्यता राहील. मुलाखत मागाच्या खडखडाटात, मालकासमोर घेऊ नये. पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यावर घ्यावी.

प्रश्न : जिल्ह्यातील अकरा तालुक्यांची आकडेवारी घेऊन, समजा, ऊसक्षेत्र जास्त असलेल्या तालुक्यांत मुलींच्या शाळागळतीचे प्रमाण कमी दिसले, तर ‘ऊस उत्पादक शेतकरी मुलींच्या शिक्षणाला महत्त्व देतात’ असे म्हणता येईल काय?

उत्तर : म्हणता येणार नाही. आपल्याकडे माहिती तालुक्यांची आहे आणि विधान शेतकऱ्यांचे आहे. समूहाच्या पातळीवर दिसणारा संबंध व्यक्तीच्या पातळीवर तसाच असेल असे नाही; तो उलटाही असू शकतो. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० साली १९३० च्या अमेरिकी जनगणनेवरून हे दाखवून दिले. ज्या राज्यांत परदेशांत जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, तेथे निरक्षरता कमी होती. पण व्यक्तीव्यक्तींची आकडेवारी पाहता परदेशांत जन्मलेलेच थोडे अधिक निरक्षर निघाले. स्थलांतरित लोक मुळात साक्षर राज्यांत जाऊन वसले होते, एवढाच त्याचा अर्थ होता.

आपल्या उदाहरणात तर आणखी एक पेच आहे. गाळप हंगामात माळशिरस, पंढरपूर भागांत ऊसतोड कुटुंबे बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात, आणि फडावर असलेल्या मुलीचे नाव तिच्या मूळ गावच्या शाळेच्या पटावर असते. तिची गळती दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यात पडते. ऊस असलेल्या तालुक्याचा आकडा चांगला दिसण्याचे हेही एक कारण असू शकते. शिवाय उजनी धरणाचे पाणी, रस्ते, माध्यमिक शाळेचे अंतर यांपैकी कोणतीही गोष्ट ऊस आणि शिक्षण या दोहोंवर परिणाम करीत असेल. अकराच तालुके असताना इतके चल, म्हणजे बदलणारे घटक, एकाच वेळी तपासणे संख्याशास्त्राच्याही आवाक्याबाहेरचे आहे. दोन तालुके निवडून घरोघरची माहिती घ्यावी.

प्रश्न : बार्शी तालुक्यातील शाळेत शिक्षक आहे. विद्यार्थ्यांची वाचनाची आवड मोजण्यासाठी ग्रंथालयाच्या नोंदवहीतील पुस्तकांची संख्या घेतली. परीक्षकांनी ‘साधन विश्वसनीय आहे, वैध नाही’ असा शेरा दिला. अर्थ समजला नाही.

उत्तर : नोंदवही कोणीही, केव्हाही मोजली तरी तोच आकडा येईल, ही विश्वसनीयता. परंतु ग्रंथालयाचा तास सक्तीचा असेल आणि प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक नेलेच पाहिजे असा नियम असेल, तर त्या आकड्यातून शिस्त मोजली जाते, आवड मोजली जात नाही. जे मोजायचे तेच मोजले जाणे ही वैधता, आणि ती येथे नाही. शेरा योग्य आहे. सुटीत स्वतःहून काय वाचले, पुस्तकात काय होते, हे विचारून पाहावे, आणि नोंदवहीचा आकडा त्याच्या जोडीला ठेवावा.

प्रश्न : बंद पडलेल्या कापड गिरण्यांतील निवृत्त कामगारांच्या मुलाखती घेत आहे. आराखड्यात परिकल्पना नसल्याने तो परत आला. शिवाय ‘या विषयावर पूर्वी काम झालेले नाही’ हे वाक्यही खोडले गेले.

उत्तर : परिकल्पना म्हणजे दोन चलांतील संबंधाचे, चुकीचे ठरू शकेल असे विधान. आपल्या अभ्यासात चल आधी ठरलेले नाहीत. कामगारांनी गिरणी बंद पडल्याचा अर्थ कसा लावला, हे त्यांच्याच बोलण्यातून शोधायचे आहे. तेथे परिकल्पना ओढूनताणून बसवण्यापेक्षा तीन-चार नेमके संशोधन-प्रश्न लिहावेत आणि परिकल्पना का नाही हे एका परिच्छेदात स्पष्ट करावे. ‘गिरणी बंद पडल्याने कामगारांच्या जीवनावर परिणाम झाला’ असली परिकल्पना मात्र लिहू नये. ती कोणत्याही माहितीने खोटी ठरू शकत नाही.

खोडलेल्या वाक्याबाबत मी परीक्षकांच्या बाजूने आहे. पुण्याच्या गोखले संस्थेने सोलापूरच्या विणकर समाजाची पाहणी १९४० च्या दशकातच प्रसिद्ध केली होती, आणि शहराचा विस्तृत सामाजिक-आर्थिक अभ्यासही पुढे केला. ते वाचून मग आपण कोठे वेगळे आहोत ते लिहावे.

मुलाखतींत सन विचारले तर वृद्ध माणसे अंदाजाने काहीतरी सांगतात. त्याऐवजी सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांचा आधार घ्यावा. बहात्तरचा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, ज्याचे हादरे सोलापुरातही बसले, या दोन खुणा येथे उपयोगी पडतात. ‘पगार थकायला लागला तो भूकंपाच्या आधी की नंतर?’ असे विचारल्यावर मिळालेले उत्तर त्या काळच्या वर्तमानपत्रांशी आणि कामगाराकडे जपून ठेवलेल्या पगाराच्या पावत्यांशी ताडून पाहता येते. दोन्ही जुळत नसतील तर मुलाखत टाकून देऊ नये. विसंगती जशी आहे तशी नोंदवावी आणि त्याच व्यक्तीकडे पुन्हा जावे.