डाय, दान आणि दत्त

गोकुळ शिरगावच्या एका सुपरवायझरांची शंका: कारखान्यातल्या फळ्यावर 'एसएमईडी म्हणजे एका मिनिटात साचा बदल' असं लिहिलंय, ते बरोबर का? आणि 'सेटअप'ला, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्याला, मराठीत काय म्हणायचं?

आधी तो फळा पुसा. 'सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय' यातलं 'सिंगल' म्हणजे एकआकडी, दहा मिनिटांच्या आत. ही पद्धत घालून देणाऱ्या शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरांनी १९६९ साली टोयोटातल्या १००० टनी प्रेसची, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या मशीनची, चार तासांची सेटिंग तीन मिनिटांवर आणली. खुद्द गुरूला तीन लागली आणि आमचे ट्रेनर पोरांकडून एक मागतात! मग डाय बसतो वाकडा आणि पहिले जॉब जातात भंगारात.

'साचा'ही नको. कोल्हापुरात साचा म्हटला की फाउंड्रीतला वाळूचा, ओतकाम झालं की फोडायचा. तो बदलायचा कसला? प्रेसवर पत्र्याला आकार देणारं पोलादी हत्यार असतं, तो डाय.

आणि डाय परका थोडाच आहे? त्याचा मूळ अर्थ फासा. जुन्या फ्रेंचमधला 'दे', त्यामागे लॅटिन 'दातुम', म्हणजे दिलेलं. आता सांगा, आपण फासे टाकल्यावर काय पडतं? दान! 'दातुम' आणि आपला 'दत्त' एकाच मुळाचे. म्हणजे नरसोबाच्या वाडीचे दत्तमहाराज आणि शिरोलीच्या प्रेसवरचा डाय यांचं गोत्र एकच निघालं. 'डेटा' हे त्याच दातुमचं अनेकवचन. फाशावरून चौकोनी ठोकळा, ठोकळ्यावरून छाप उठवायचं हत्यार, असा अर्थ सरकला असं माझं ठाम मत आहे. हे डाय फाशांसारखे जोडीनं चालतात म्हणून ते नाव पडलं, असं काही विद्वान सुचवतात. जोडीनं तर पायताणंही चालतात. त्यांना कुणी फासे म्हटलं?

हां, सेटअप राहिलाच. उद्यमनगरात 'सेटिंग लावतोय' म्हणतात, तेच ठेवा. 'यंत्रसज्जता' वगैरे अहवालातच शोभतं. शिंगोंनी सेटिंगच्या कामांचे 'इंटर्नल' आणि 'एक्स्टर्नल' असे दोन गट पाडले, त्यांचं मात्र 'अंतर्गत-बाह्य' करू नका. ऐकणारा मशीनच्या पोटात डोकावतो. 'मशीन बंद करून' आणि 'मशीन चालू असताना' म्हणा. पुढचा डाय, पाने, बोल्ट ट्रॉलीवर आणून ठेवणं हे दुसऱ्यातलं. आणि बोल्ट आवळतो तो शेवटच्या आट्याला. आधीचे सगळे आटे फिरवेपर्यंत प्रेस उभाच असतो.