माळ काढून ठेवू का?

"मॅडम, माळ काढून ठेवू का?"

समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य हेच. वय सेहेचाळीस, तालुक्याच्या एका कार्यालयात कारकून, घरात तीन पिढ्यांची वारी. साताऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको, की माळकऱ्याच्या तोंडी हा प्रश्न किती जड असतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला नवरा-बायको दोघांचीही परवानगी आहे.)

सेक्शनमध्ये दर शुक्रवारी वरकमाईचा वाटा व्हायचा. बारा वर्षं त्यांनी तो घेतला नाही. मग मुलाची बारावी आली, क्लासची फी आली, घराचा हप्ता होताच. एका शुक्रवारी ड्रॉवरमध्ये कुणीतरी ठेवलेलं पाकीट त्यांनी परत केलं नाही. पाच दिवस ते तिथेच पडून होतं. सहाव्या दिवशी त्यांनी ते देवळाच्या दानपेटीत टाकलं आणि त्या रात्रीपासून झोप गेली. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं. "खाल्ले असते तर एक वेळ परवडलं असतं," ते म्हणाले. "मी देवालाच त्यात वाटेकरी केलं."

धडधड ऐकल्यावर मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी, रक्तदाब ठीक निघाले. मनाच्या दुखण्याच्या नावाखाली हृदयाचं दुखणं अंगावर काढलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हा क्रम मी मोडत नाही.

दुसऱ्या भेटीत घरातलं बाहेर आलं. बायको वर्षभर एका दरबारात जात होती. तिथला महाराज रिकाम्या मुठीतून अंगारा काढतो. त्याने सांगितलं होतं, आलेल्या लक्ष्मीला परत पाठवणं हा देवाचा अपमान आहे. त्याचा दोष घराला लागलाय, म्हणून पोराला मार्क पडत नाहीत. हातात येईल ते घ्यावं, त्यातला हिस्सा गुरूच्या चरणी वाहावा, की उरलेलं शुद्ध होतं. दोष काढायच्या पूजेचे एकवीस हजार. त्यासाठी पाटल्या गहाण पडल्या होत्या.

आणि गावात सप्ताहाची पंगत घालणारे, पहिल्या रांगेत हार घालून बसणारे कोण, तर त्यांच्याच ऑफिसातले साहेब. "देवाचं नाव घेणारे सगळे असेच असतील तर मी कुणाला धरून राहिलोय?"

हा प्रश्न माझ्याकडे एकट्या यांनी आणलेला नाही. शिक्षक येतात, नर्स येतात, साखर कारखान्यातले लोक येतात. शब्द वेगळे, पोटातलं एकच: सरळ राहिलो तर एकटा पडतो, आणि ज्यांच्याकडे आधाराला जावं तेच बाजार मांडून बसलेत.

देव आहे की नाही, याचा निवाडा मी खोलीत करत नाही. माझं काम समोरच्याला त्याच्या स्वतःच्या शब्दाकडे परत नेणं. म्हणून विचारलं, "माळ कुणी घातली?"

"वडिलांनी. पंढरपुरात."

"तेव्हा काय कबूल केलं होतं?"

त्यांनी बोटांवर मोजलं. एकादशी. वारी. मद्य-मांस नाही. परस्त्री मातेसमान. परद्रव्य विटाळ.

"यातलं मोडलं काय?"

"परद्रव्य. पाच दिवस."

"आणि महाराज सांगतो ते यातल्या कुठल्या बोटावर बसतं?"

ते बराच वेळ हाताकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "कुठल्याच नाही." थोड्या वेळाने स्वतःच पुढे बोलले, "तो तर परद्रव्य घ्यायलाच सांगतोय."

मला वाटतं, त्या दिवशी त्यांना एक फरक हाताला लागला. देवाशी जोडलेलं राहणं वेगळं आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्याशी जोडलेलं राहणं वेगळं. महाराजाचा, साहेबांचा त्यांना जो राग येत होता, तो श्रद्धा सुटल्याचा नव्हता. श्रद्धा शाबूत होती म्हणूनच तो येत होता. पाच दिवसांची चूक झाली होती, आणि ती चूक म्हणूनच ठेवायची; तिच्यासाठी सगळी माळ उतरवायची नाही.

त्यांची बायको आली तेव्हा मात्र मला माझा अंदाज बदलावा लागला. भोळी, नाहीतर पैशाला भुललेली बाई येईल असं मी धरून चालले होते. ती बसली आणि म्हणाली, "मॅडम, ह्यांचा देव ह्यांच्यापुरता. बारा वर्षं हे पगार हातावर ठेवतात आणि हरिपाठाला बसतात. कर्ज किती, पोराचं पुढं काय, इचारलं तर म्हणायचं पांडुरंग बघून घेईल. त्या दरबारात निदान माझं कुणीतरी ऐकून घेत होतं."

नवऱ्याने मान खाली घातली. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण सरळ मार्गाने चालणाऱ्या माणसांकडून हे नकळत होतं. बाहेरच्या घाणीपासून स्वतःला जपताना ते घरालाही बाहेर ठेवतात. त्यांचा नकार घरच्यांना फक्त तुटवडा म्हणून दिसतो, त्यामागचं कारण कधी कळतच नाही. खोटा उपदेश नेमका या फटीतून आत येतो. तो भीतीवर लगेच औषध देतो, ते औषध विषारी का असेना.

मग रविवारी दोघांनी वही घेऊन बसायचं ठरलं. पगार, हप्ता, फी, पाटल्यांचं व्याज, सगळं तिच्यासमोर. पहिल्या रविवारी भांडण झालं. तिसऱ्या रविवारी तिने दरबाराला दिलेल्या रकमा स्वतःहून वहीत लिहिल्या. दोष अजून का जात नाही, हे तिने तिथे विचारलं तेव्हा दुसरी पूजा सांगण्यात आली. त्यानंतर ती गेली नाही.

ऑफिससाठी आम्ही एकच वाक्य तयार केलं: "माझ्या ड्रॉवरमध्ये काही ठेवू नका." ते त्यांनी खोलीत म्हणून बघितलं. पहिल्यांदा माफी मागितल्यासारखं आलं, दुसऱ्यांदा भांडल्यासारखं. सहाव्या-सातव्या वेळी साधं आलं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांकही मी दिला, आणि सुरुवातीला तक्रारीचा जरा आग्रहच धरला. ती माझी घाई होती. नोकरी त्यांची, जोखीमही त्यांची. त्यांनी तक्रार केली नाही, ते वाक्य मात्र बोलले. चहाला हाक मारणं बंद झालं, दोन महिन्यांत टेबल बदलून जुन्या दप्तरांच्या खोलीत पाठवलं. धुळीने खोकला होतो म्हणतात. झोप मात्र साडेपाचपर्यंत लागते.

दरबाराविरुद्ध जाणं म्हणजे धर्माविरुद्ध जाणं, अशी भीती दोघांनाही होती. साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं मागणी केलेला जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ साली त्यांचा खून झाल्यानंतर आला. त्या कायद्याने वारी, कीर्तन, भजन, पारायण यांना हात लावलेला नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, त्यावर पैसे उकळणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आमच्या माळेला काय होत नाही."

आषाढात माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला निघाली तेव्हा दोघं एक दिवस चालली, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण बघितलं. इतकी वर्षं ती घरी स्वयंपाकाला मागे राहायची.

परवाच्या भेटीत त्यांनी माळेचा विषय काढला नाही. तिनेच विचारलं, "त्या कायद्याचा साहेब कुठं बसतो?" त्याला दक्षता अधिकारी म्हणतात, तो किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो आणि चौकशी पोलीस ठाण्यातच करायची, असं मी सांगितलं. जायचं की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही. पर्समधून पाटल्यांच्या गहाणाची पावती काढून तिने पावतीच्या मागच्या बाजूला ते लिहून घेतलं, आणि दक्षता हा शब्द बरोबर लिहिलाय का, ते नवऱ्याला दाखवलं.