डच आडनाव आणि १८३० ची भिंत: आडनाव सोडा, जमीन धरा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावई न्यू जर्सीचे, आडनाव डच. घरात सांगतात की सतराव्या शतकात कधीतरी तीन भाऊ हॉलंडहून जहाजाने आले. नातीसाठी वंशवृक्ष करायला घेतलात, १८३० च्या जनगणनेपर्यंत पोचलात आणि तिथे गाडी अडली. ऑनलाइन सापडलेल्या झाडांत तर एकाच माणसाला चार वेगवेगळे बाप चिकटवलेत, मग खरं काय धरायचं?

तिथे अडणं साहजिकच आहे. न्यू जर्सीच्या १७९० ते १८२० या चारही जनगणना जवळजवळ पूर्ण नष्ट झाल्यात. त्यामुळे ज्यांनी फक्त जनगणनेचा हात धरला ते सगळे १८३० लाच थांबतात आणि पुढचं अंदाजाने भरतात. ते चार बाप तिथूनच आले असणार. मी बरीच वर्षं सॉमरसेट काउंटीत राहते, या भागातल्या जुन्या डच घराण्यांच्या कागदांत डोकं घालायची सवय लागली आहे. माझं स्पष्ट मत असं, की इथे आडनावामागे धावण्यात अर्थ नाही. बाळ कुणाचं, हे चर्चची वही सांगते. पण त्याच नावाचे तिघं गावात असताना त्यातला तुमचा कोण, हे जमीन सांगते.

आधी तीन भावांची गोष्ट बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या कितीतरी जुन्या घरांत ती जशीच्या तशी सांगतात. त्या काळी आलेल्या बहुतेक डच लोकांना कायमचं आडनावच नव्हतं. पीटरचा मुलगा यान पीटरसेन, त्याचा मुलगा हेंड्रिक यानसेन. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिहेरी सोय आहे. यांच्यातल्या अनेकांचा तिसरा रकाना रिकामा. इंग्रजांनी १६६४ मध्ये डचांची इथली वसाहत घेतल्यावर पुढच्या पिढ्यांत हळूहळू आडनावं स्थिरावली. त्यातही सख्ख्या भावांनी वेगवेगळी घेतली, आणि दोन यानसेन घराण्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, असं सर्रास सापडतं. म्हणजे जावयांचं आजचं आडनाव १७०० च्या आधी कदाचित अस्तित्वातच नसेल. ते टाकून कितीही शोधलंत तरी हाती काही लागायचं नाही.

आता चर्च. न्यू अ‍ॅमस्टरडॅम, म्हणजे आजच्या मॅनहॅटनच्या टोकाला असलेल्या गावातल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या लग्न-बाप्तिस्म्याच्या नोंदी १६३९ पासून आहेत, ब्रुकलिनच्या १६६० पासून, आणि आपल्या इथल्या रॅरिटनच्या १६९९ पासून. रॅरिटन आणि मिलस्टोन नद्यांच्या काठची बरीच डच कुटुंबं थेट हॉलंडहून आलेली नाहीत. आधी मॅनहॅटन किंवा लाँग आयलंड, तिथे एक-दोन पिढ्या, जमीन कमी पडली की मग न्यू जर्सी. तेव्हा रॅरिटनच्या वहीत माग संपला तर हडसन नदी ओलांडून मागे जायचं.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत साधारण चार गोष्टी असतात: तारीख, आईबाप, बाळाचं नाव, साक्षीदार. ऑनलाइन झाडं करणारे पहिल्या तीन उतरवतात आणि चौथी सोडून देतात. मी आधी चौथीच वाचते. साक्षीदार बहुतेक वेळा आजी-आजोबा, काका, मामा, आत्या असतात. शिवाय डच नोंदींत बायका लग्नानंतरही माहेरच्या नावानेच येतात, ही केवढी मोठी सोय! नावं ठेवण्याची रीतही आपल्या ओळखीची: पहिल्या दोन मुलांना दोन्ही आजोबांची, पहिल्या दोन मुलींना दोन्ही आज्यांची. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव पुन्हा. विधवेने दुसरं लग्न केलं तर पहिल्या मुलाला गेलेल्या नवऱ्याचं नाव ठेवल्याचंही दिसतं. हा नियम नव्हे, रीत आहे. तिच्यावरून अंदाज बांधा, पण ती पुरावा म्हणून लावू नका.

लग्नाच्या नोंदींबद्दल एकच सांगते. तिथली तारीख अनेकदा लग्न जाहीर केल्याची असते, लग्न लागल्याची नाही. आणि नावापुढे ‘अमुक गावचा’ असं असेल तर ते जन्मगाव असू शकतं, त्याला उचलून आडनाव करू नका.

बाप्तिस्मा सापडलाच नाही तर? १७२० मध्ये रॅरिटन खोऱ्यात थिओडोरस फ्रेलिंगहायसन नावाचे पाद्री आले. माणूस कडक. ज्यांचं मनापासून परिवर्तन झालेलं नाही असं त्यांना वाटे त्यांना ते प्रभुभोजनाला बसू देत नसत. गावात उभी फूट पडली, विरोधकांनी १७२५ मध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रारींचं अख्खं पुस्तक छापलं. अशा भांडणात काही घरांतली मुलं दुसऱ्या पाद्र्याकडे, दुसऱ्या वहीत गेली. एखाद्या कुटुंबात १७१९ पर्यंत दर दोन वर्षांनी बाळ आणि मग एकदम शुकशुकाट दिसला तर आई वारली असं लगेच ठरवू नका. शेजारच्या चर्चांच्या वह्या चाळा. पुढे क्रांतियुद्धात, ऑक्टोबर १७७९ मध्ये, सिम्कोच्या ब्रिटिश घोडदळाने इथलं डच चर्च आणि मिलस्टोनचं कोर्ट जाळलं. रॅरिटनची वही वाचली, हे नशीब.

आता जमीन. इथे बहुतेकांची पहिली फेरी फुकट जाते, कारण ते काउंटी क्लार्कच्या ऑफिसात जातात. न्यू जर्सीत काउंटीची खरेदीखतांची पुस्तकं साधारण १७८५ पासून धरायची. त्याआधी सगळा कारभार ईस्ट जर्सी आणि वेस्ट जर्सी अशा दोन मालकमंडळांचा, एकाची कचेरी पर्थ अँबॉयला, दुसऱ्याची बर्लिंग्टनला. राज्यकारभार त्यांनी १७०२ मध्ये राणीकडे सोपवला, जमिनीची मालकी मात्र सोडली नाही. ईस्ट जर्सीचं मंडळ चक्क १९९८ मध्ये बरखास्त झालं! दोन्हीकडची दप्तरं आता ट्रेंटनच्या स्टेट आर्काइव्हजमध्ये आहेत, वसाहतकाळातली मृत्युपत्रंही तिथेच. त्यांच्या वेबसाइटवर नावांची सूची बघता येते.

खरेदीखत हातात आलं की घाबरू नका, सातबारा वाचलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. मजकूर असा असतो: ओढ्याकाठच्या चारही अंगांनी खूण केलेल्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून अमुक अंश वायव्येला तीस साखळ्या, अमक्याच्या हद्दीवरच्या दगडापर्यंत, तिथून पुन्हा ओढ्याला, ओढ्याच्या वळणाने मूळ झाडापाशी. म्हणजे आपली चतुःसीमाच. साखळी ६६ फुटांची, तेव्हा तीस साखळ्या म्हणजे १,९८० फूट. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, एकराला ४० गुंठे, तो याच मापात चपखल बसतो, कारण ३३ म्हणजे बरोबर अर्धी साखळी. कागदावर काढून बघा. आजच्या नकाशावर तंतोतंत बसणार नाही, दिशा होकायंत्राच्या आहेत आणि चुंबकीय उत्तर तेव्हापासून सरकली आहे. पण ओढा सापडला की बाकीचं जुळतं.

या मजकुरातलं सोनं म्हणजे शेजाऱ्यांची नावं. ती एका कागदावर लिहून काढा आणि बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांशी ताडून बघा. समजा, एकाच चर्चमध्ये दोन यान पीटरसेन आहेत. एकाच्या मुलांचे साक्षीदार ज्या घरांतले, तीच घरं एका खतात हद्दीवर उभी दिसतात. मग तो यान त्या जमिनीचा. दुसऱ्या यानचे साक्षीदार नदीच्या पलीकडचे निघतात. दोघं वेगळे झाले.

त्यापुढे हिशेब एकरांचा. यानने १७१८ मध्ये दीडशे एकर घेतली असं धरू. त्याने विकल्याचं खत नाही. मग १७४१ मध्ये हीच जमीन, तोच ओक, तोच ओढा, विकणारा कोण? खतात आधीच्या मालकीची हकीकत असते, ‘मयत यानचा थोरला मुलगा व वारस’ अशी ओळ तिथे मिळू शकते. मृत्युपत्र नसेल तर इंग्रजी कायद्याने जमीन थोरल्याला जाई, त्यामुळे वारसाचा वेगळा कागद झालेलाच नसतो; तो पुढच्या विक्रीत उघडा पडतो. खतं नोंदवायची घाईही कुणाला नसे. पेटीत पडलेला कागद तीस-चाळीस वर्षांनी, जमीन विकायची वेळ आली की बाहेर निघे. म्हणून माणूस मेला त्या वर्षापाशी शोध थांबवू नका. विक्रीवर बायकोने सही किंवा अंगठ्यासारखी खूण केली असेल तर तीही उतरवा. नवरा गेल्यावर तिला जमिनीत हक्क होता, तो सोडल्याची ती नोंद. दोन यानांच्या बायका नीलत्ये आणि खेर्त्ये असतील तर ती एक खूण सगळा गुंता सोडवते.

मृत्युपत्रात ‘थोरल्याला पाच शिलिंग’ एवढंच दिसलं तर बापाने मुलाला टाकलं असा अर्थ काढू नका. थोरलेपणाचा हक्क तेवढ्यात भागवून, पुढे त्याने सगळ्या जमिनीवर दावा सांगू नये याची ती तजवीज. त्याच मृत्युपत्रांत गुलामांची नावं, गायीगुरांच्या ओळीत लिहिलेली, सापडतील. नातीच्या वहीत तीही जशीच्या तशी उतरवा. त्यांच्या वंशजांना पुष्कळदा तेवढाच पुरावा असतो.

कागद आणि घरातली कहाणी यांत किती अंतर पडतं, हे बघायचं तर आनेके यान्सचं प्रकरण वाचा. नॉर्वेत जन्मलेली ही बाई, दुसरा नवरा न्यू अ‍ॅमस्टरडॅमचा पाद्री एव्हरार्डस बोगार्डस. तो १६४७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटून बुडाला. मॅनहॅटनमधली ६२ एकरांची शेती तिच्याकडे राहिली. ती १६६३ मध्ये वारली. १६७१ मध्ये वारसांनी शेती गव्हर्नर लव्हलेसला विकली, पण एका मुलाच्या वारसांच्या सह्या खतावर नव्हत्या. पुढे ती जमीन सरकारकडे आणि १७०५ मध्ये ट्रिनिटी चर्चकडे गेली. न झालेल्या सह्यांच्या जोरावर वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या दावे लावले आणि सगळे हरले. त्यातच कुणीतरी ती ऑरेंजच्या राजपुत्र विल्यमची नात असल्याचं पसरवलं, भोळ्या वारसांकडून वर्गण्या उकळल्या गेल्या. त्या राजघराण्याच्या नात्याला कसलाही आधार नाही, तरी ते आजही कितीतरी झाडांत दिमाखात बसलंय. जावयांच्या झाडात राजपुत्र दिसला तर आधी ती फांदी छाटा.

तारखांचं एक: इंग्रजी कागदांत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे. म्हणून फेब्रुवारी ‘१७३१/३२’ असं दुहेरी दिसेल. दोन्ही वर्षं तशीच लिहून ठेवा, नाहीतर आईबापाच्या लग्नाआधी मूल जन्मल्याचा भास होतो.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर मोफत खातं काढा. तिथे आता हस्तलिखित खतं आणि मृत्युपत्रांच्या मजकुरातच शोधता येतं, त्यात आडनावाऐवजी शेजाऱ्याचं नाव आणि ओढ्याचं नाव टाका. डीएनएचं एवढ्यात काढू नका. आठ-नऊ पिढ्या मागे साधी चाचणी फारसं सांगत नाही. पुरुषांच्या सलग साखळीसाठी वाय-डीएनए नंतर बघू.

आता मला तीन गोष्टी कळवा. १८३० मध्ये कुटुंब कुठल्या टाउनशिपमध्ये होतं, त्या घरप्रमुखाचं मृत्युपत्र सापडलं का, आणि त्याच्या बायकोचं माहेरचं नाव. टाउनशिप सॉमरसेट किंवा हंटर्डन काउंटीमधली निघाली तर रॅरिटनच्या वहीपासून सुरुवात कशी करायची ते सांगते. बर्गनमधली निघाली तर मात्र चर्चंही वेगळी आणि शोधही वेगळा.