वाचकांचे प्रश्न : तळ्यातले शेवाळ मारू नका, उपसा

यंदा मार्चपासून आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली : परसबागेतल्या तळ्यात हिरव्या धाग्यांचे शेवाळ माजले आहे. त्यांतली पाच पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : परसात १० फूट लांब, ७ फूट रुंद आणि सरासरी २ फूट खोल तळे आहे. त्यात ६ कोई मासे आणि वॉटर लिलीच्या २ कुंड्या आहेत. पाणी हिरवे व्हायचे म्हणून यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा बसवला. आता पाणी काचेसारखे नितळ आहे, पण कडेला, तळाशी आणि पंपाभोवती शेवाळाच्या लांब जटा वाढतात. दर आठवड्याला काढतो, तरी येतात. दिवा निकामी आहे का? (पुणे)

दिवा त्याचे काम चोख करतो आहे, आणि जटा वाढण्याचे ते एक कारणही आहे. हिरवे पाणी म्हणजे पाण्यात सुटे तरंगणारे सूक्ष्म शेवाळ. पंपाबरोबर ते दिव्यासमोरून जाते आणि मरते. धाग्यांचे शेवाळ दगडाला आणि भिंतीला धरून बसते, ते दिव्यापर्यंत कधी पोचतच नाही. शिवाय पाणी नितळ झाल्यामुळे ऊन थेट तळापर्यंत जाऊ लागले आणि तरंगणारे शेवाळ जे खत खात होते ते आता या जटांना मिळते. म्हणजे खाणारा बदलला, वाढलेले ताट तसेच राहिले.

ते ताट वाढतो कोण, तर बहुतेक वेळा आपणच. माशांच्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. १ ग्रॅम फॉस्फरसवर किलोभर ओले शेवाळ सहज पोसते. ६ कोईंना दिवसातून तीनदा मूठमूठ खाद्य पडत असेल, तर हिशेब तुम्हीच करा. मासे २ ते ३ मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य, तेही दिवसातून एकदा द्या. तुमच्या तळ्यात सुमारे ४,००० लिटर पाणी आहे (घनफुटाला २८.३ लिटर धरून). कोई दीड-दोन फुटांपर्यंत वाढतो. ६ मोठे कोई या पाण्याला जड आहेत, ३ पुरेत.

आता उपसण्याविषयी. तळे सिमेंटचे असेल तर बांबूच्या टोकाला चार-पाच खिळे आडवे ठोका. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असेल तर खिळे नकोत, संडास घासायचा नवा कोरा ब्रश काठीला बांधा. काठी जटेत घालून एकाच दिशेने फिरवा. धागे तिच्यावर गुंडाळले जातात आणि मुळाशी तुटतात. हाताने ओढले तर मधेच तुटतात आणि पाण्यात सुटलेला तुकडा नव्या जागी पुन्हा वाढू लागतो. काढलेले शेवाळ आधी बादलीभर पाण्यात खळबळून घ्या, कारण त्यात चतुराच्या अळ्या, बेडूकमासे आणि गोगलगायी अडकलेल्या असतात. त्यांना परत तळ्यात सोडा आणि शेवाळ पालापाचोळ्याबरोबर कंपोस्टात घाला. ते तळ्याच्या काठावर वाळत ठेवू नका. पहिल्या पावसात त्यातले सगळे खत पुन्हा पाण्यात उतरते.

उपसा झाला की लगेच १५ ते २० टक्के पाणी, म्हणजे ६०० ते ८०० लिटर, काढून झाडांना घाला. बागेला ते उत्तम मानवते. नळाचे पाणी भरणार असाल तर आधी क्लोरिन घालवा. भरायच्या पाण्याच्या दर १,००० लिटरला ५ ते १० ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून टाका.

तिसरे काम सावलीचे आणि आमच्या मते सर्वांत टिकाऊ. पाण्याचा निम्मा ते ६० टक्के पृष्ठभाग पानांनी झाकलेला हवा. तुमच्याकडे २ कुंड्या आहेत, निदान ४ हव्यात. त्याच्या जोडीला तळ्याच्या एका टोकाला फूटभर खोल हौद करा. तळ्याच्या क्षेत्राच्या १० ते १५ टक्के एवढा हौद पुरे. त्यात १० ते २० मिलिमीटरची खडी भरा आणि माती धुऊन काढलेली वाळा, कर्दळ, वेखंड किंवा अळूची रोपे खडीतच रोवा. पंपाचे पाणी एका टोकाने आत जावे आणि दुसऱ्या टोकाने तळ्यात सांडावे. ही झाडे भुकेली असतात, शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात. दर ३ आठवड्यांनी कर्दळ आणि वाळा छाटा आणि छाटलेले तळ्याबाहेर न्या, नाहीतर पाने कुजून खत परत पाण्यात जाते. जलपर्णीही हेच काम करते, पण ती लावू नका. पावसात वाहून ओढ्यात गेली तर तिचे काय होते ते मुळा-मुठेच्या काठावर राहणाऱ्याला सांगायला नको.

पंपाभोवती शेवाळ जमते त्यावर सोपा उपाय आहे. पंप छिद्राच्या प्लॅस्टिक टोपलीत ठेवा, भोवती मोठी खडी भरा आणि टोपली तळापासून वीतभर वर ठेवा. पंपाची क्षमता एवढी हवी की २ तासांत तळ्यातले सगळे पाणी एकदा फिरेल, म्हणजे तुमच्यासाठी ताशी २,००० लिटर.

हे सगळे केल्यावर फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात काहीच झाले नाही म्हणून धीर सोडू नका.

प्रश्न : आमच्याकडे जांभ्याचे जुने टाके आहे, त्यात गप्पी आणि मोली आहेत. सुपारीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) फवारतो, त्यामुळे मोरचूद घरात असतोच. शेवाळासाठी चिमूटभर टाकला तर चालेल का? (सिंधुदुर्ग)

नाही. तुमच्या पाण्यात तर मुळीच नाही.

मोरचुदातले तांबे शेवाळाला मारते हे खरे. पण ते माशाला किती बाधते हे पाण्याच्या क्षारतेवर (खारटपणा नव्हे, तर विरघळलेल्या चुनखडीसारख्या क्षारांचे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजलेले प्रमाण) ठरते. मोठ्या तलावांसाठी हिशेब असा करतात : क्षारतेला १०० ने भागा, जो आकडा येईल तेवढे मिलिग्रॅम मोरचूद दर लिटरला. क्षारता ५० च्या खाली असेल तर तो वापरायचाच नाही. जांभ्याच्या भागातले पाणी बहुधा मऊ असते आणि क्षारता या मर्यादेच्या बरीच खाली असू शकते. अशा पाण्यात तांबे मोकळे राहते आणि माशांच्या कल्ल्यांवर जाते. १,००० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १ मिलिग्रॅम लिटरमागे. तुमची ‘चिमूट’ त्याहून कमी नसेल. बोर्डो मिश्रण पानाला सोसते, कारण त्यात चुना असतो आणि तो तांब्याचा दाह आवरतो. टाक्यात नुसता मोरचूद टाकला तर तो आधार नाही. गोगलगायी तर माशांच्याही आधी मरतात. तांबे नंतर नाहीसे होत नाही, तळच्या गाळात साठत जाते.

दुसरी गोष्ट, जी अनेकांच्या लक्षात येत नाही : औषधाने शेवाळ मेले तरी ते टाक्यातच असते. ते कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. आणि कुजलेल्या शेवाळातले खत पुढच्या शेवाळाला मिळते. म्हणूनच आम्ही उपसायला सांगतो.

बोर्डो फवारताना टाक्यावर ताडपत्री टाका आणि पंप धुतलेले पाणी टाक्याच्या चढाकडे ओतू नका.

प्रश्न : गच्चीवर ३०० लिटरच्या टबात कमळ आहे. फुले यावीत म्हणून महिन्याला मूठभर डीएपी आणि शेणखत टाकते. कमळ बरे आहे, पण पाणी धाग्यांनी भरले आहे आणि कोवळी पाने त्यात अडकून वर येत नाहीत. (नाशिक)

ताई, खत कमळाला हवे आहे, पाण्याला नको. डीएपीत ४६ टक्के फॉस्फेट असते. पाण्यात टाकलेली मूठ विरघळून आधी शेवाळालाच मिळते.

आता टब निम्मा रिकामा करा, शेवाळ काठीवर गुंडाळून काढा. कोवळ्या देठांभोवतीचे मात्र बोटांनी सोडवा, कमळाचा देठ पटकन मोडतो. पाणी बदला. पुढच्या वेळी डीएपीचे १० ते १५ दाणे वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळा आणि कंदापासून ४ बोटे दूर, चिखलात ४ इंच खोल दाबा. वरून चिखल नीट बुजवून इंचभर धुतलेली वाळू पसरा. वाळूमुळे गाळ वर येत नाही आणि खत खालीच राहते. शेणखत पुढच्या वर्षी कुंडी नव्याने भरताना तळाशी घाला, तेही पुरते कुजलेले. हिवाळ्यात कमळ झोपते, तेव्हा खत अजिबात नको.

प्रश्न : तुरटी किंवा ब्लीचिंग पावडर टाकून पाहावी का? आमचे बोअरचे पाणी आहे, शेजारी ऊस आहे. (सोलापूर)

ब्लीचिंग पावडर मासे असलेल्या तळ्यात कधीही नको. तुरटी फॉस्फेट बांधते हे खरे आहे, पण किती टाकायची हे पाण्याची क्षारता मोजल्याशिवाय ठरत नाही. चुकली तर सामू (पीएच) खाली येतो आणि अ‍ॅल्युमिनियम माशांना बाधते.

तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द ‘ऊस’ हा आहे. शेताला दिलेला युरिया नायट्रेट होऊन बोअरमध्ये उतरतो. मत्स्यालयाच्या दुकानात नायट्रेट मोजायचा संच मिळतो, त्याने बोअरचे पाणी तपासा. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तुमचा आकडा तिच्या आसपास असेल, तर उन्हाळ्यात आटलेले तळे बोअरने भरता तेव्हा दर वेळी तुम्ही पातळ खतच ओतता. पावसाळ्यात पहिले दोन-तीन जोरदार पाऊस वाया जाऊ द्या, म्हणजे छपराचे पत्रे धुऊन निघतील. मग पन्हाळीचे पाणी टाकीत साठवा. तळे भरताना निम्मे पावसाचे, निम्मे बोअरचे घाला. नुसते पावसाचे नको, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि सामू अस्थिर होतो.

प्रश्न : मेडिकलमधला हायड्रोजन पेरॉक्साइड चालतो असे ऐकले. प्रमाण काय? आणि जवाचा पेंढा खरेच उपयोगी आहे का? (न्यू जर्सी)

पेंढ्याचे आधी. तो असलेले शेवाळ मारत नाही, नवे वाढू न देण्यास मदत करतो आणि तेही प्रत्येक तळ्यात नाही. दर चौरस मीटर पृष्ठभागाला २५ ते ५० ग्रॅम पेंढा जाळीच्या पिशवीत सैल भरून वाहत्या पाण्यात, पृष्ठभागाजवळ बांधा. घट्ट दाबला तर आत हवा जात नाही आणि तो सडतो. पाणी १० अंश सेल्सिअसखाली असताना परिणामाला ६ ते ८ आठवडे लागतात, म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच लावा आणि ६ महिन्यांनी बदला. तुमच्याकडे ऑक्टोबरात मेपल-ओकची पाने तळ्यात पडतात, तेव्हा वर जाळी ताणणे याहून जास्त उपयोगाचे आहे.

पेरॉक्साइड चालतो, पण हात पोचत नाही अशा दगडी कपारींपुरताच. प्रमाण १,००० लिटरला ३ टक्क्यांचा २५० मिलिलिटर. भारतातल्या वाचकांनी बाटली नीट वाचावी : इथे बरेचदा ६ टक्क्यांचा, ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेला मिळतो. तो निम्मा, म्हणजे १२५ मिलिलिटर घ्यायचा. कारखान्यासाठीचा ३० किंवा ५० टक्क्यांचा घरात आणू नका, कातडी भाजते.

सकाळी, ऊन वर आल्यावर पंप बंद करा, म्हणजे औषध गाळणीतल्या उपयोगी जिवाणूंपर्यंत जाणार नाही. हातमोजे आणि चष्मा घालून सुईविना सिरिंजने औषध थेट शेवाळावर हळूहळू सोडा. बुडबुडे येतील. २० मिनिटांनी पंप सुरू करा आणि पाणी उंचावरून पडू द्या. एका वेळी तळ्याचा तिसरा हिस्साच करा, पुढचा ३ दिवसांनी. दीड-दोन दिवसांत धागे फिके, पांढरट पडतात. त्याच दिवशी ते ब्रशने घासून, जाळीने गोळा करून बाहेर काढा.