हरल्यावरचा पुढचा डाव

"लेकरू रात्र-रात्र मोबाईलवर बुद्धिबळ खेळतंय, मॅडम. काढून घेऊ का मोबाईल?" परभणीकडच्या एका आईंचा हा प्रश्न. मुलगा छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात, एम.एस्सी.ला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलाला एकट्याला भेटले. त्यानं माझ्या टेबलावर पट मांडला आणि आंतरमहाविद्यालयीन ब्लिट्झमधला, म्हणजे झटपट बुद्धिबळातला, एक डाव दाखवला. ब्लिट्झमध्ये चाली लिहाव्या लागत नाहीत, पण याला सगळ्या पाठ. प्रत्येकी 3 मिनिटं, चालीमागे 2 सेकंद वाढीव. समोरच्याचा नुसता राजा उरलेला, याच्याकडे वजीर. घड्याळाकडे बघता बघता यानं वजीर ठेवला तो कोपऱ्यातल्या राजापासून बरोबर घोड्याच्या अडीच घरांवर. शह नाही, राजाला हलायला घर नाही. बरोबरी! त्या अर्ध्या गुणानं संघातली जागा गेली.

"रात्री जिंकलास की थांबतोस?"

"नाही."

"हरल्यावर?"

"तेव्हा तर नाहीच."

म्हणजे हा खेळाचा नाद नव्हता. तो एक डाव पुसायला तो रोज रात्री बसत होता, आणि चिडून खेळलेला डाव आणखी हरत होता. चिडणं मोठ्यांनाही चुकत नाही. 2025 मध्ये नॉर्वेतल्या स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता गुकेश याच्याकडून हरल्यावर माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसननं टेबलावर मूठ आपटली होती. प्रश्न त्यानंतरच्या तासाभराचा असतो.

आम्ही ठरवलं ते साधंच. लागोपाठ दोन डाव हरला की ॲप बंद. मग लाकडी पटावर डाव कुठे फिरला ती एकच चाल शोधायची. चार्जर रात्री मित्राच्या खोलीत. पहिल्या आठवड्यात त्यानं नियम मोडला, तसं सांगितलंही. मला ते सांगणं जास्त मोलाचं वाटलं.

आईंना म्हटलं, मोबाईल काढून घेऊ नका, वसतिगृहात दुसऱ्याचा मिळतोच. फोनवर "झोपलास का" ऐवजी "आज काय खेळलास" विचारा. "मला त्यातलं काय कळतंय?" म्हणाल्या. नाही कळलं तरी चालतं.

मात्र मुलगा वर्ग बुडवायला लागला, जेवण तुटलं, पैसे लावून खेळू लागला किंवा "जगून काय करू" असं बोलला, तर वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.