भाड्यातून हप्ता फिटेल, या हिशोबात काय धरायचं राहिलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहतं घर आहे, त्यावर कर्ज नाही. आता भाड्याने देण्यासाठी एक तयार फ्लॅट बघितलाय. किमतीच्या २५ टक्के रक्कम साठली आहे. उरलेल्या ७५ टक्क्यांसाठी बँक २० वर्षांच्या मुदतीने, ९ टक्के बदलत्या दराने कर्ज द्यायला तयार आहे. वर्षाचं भाडं किमतीच्या ४ टक्के येईल. भाड्यातून हप्ता फिटत राहील, तर घ्यावा का?

या आकड्यांवर आत्ता घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

किंमत १०० धरू. ७५ कर्जाचा हप्ता वर्षाला ८.१ होतो. भाडं ४, पण ते सगळं हातात पडत नाही. भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं, त्यासाठी वर्षाला एक महिना धरायचाच. शिवाय मेंटेनन्स, मालमत्ता कर, विमा, रंग, नळ आणि वायरिंगची कामं. या सगळ्यात साधारण १ जातो असं धरलं तर उरतात ३. म्हणजे दरवर्षी ५.१ तुमच्या पगारातून जाणार. पाच वर्षांत हा आकडा २५.५ होतो, तुमच्या आजच्या सगळ्या शिलकीपेक्षा जरा जास्तच. भाड्याने हप्ता पूर्ण भागायचा असेल तर कर्ज २८ च्या आत हवं आणि ७२ स्वतःचे हवेत.

व्याज ९ टक्के आणि निव्वळ भाडं ३ टक्के, या फरकामुळे हा व्यवहार भाड्यावर चालतच नाही. तो पूर्णपणे किंमत वाढण्यावर उभा आहे. मग किंमत किती वाढायला हवी? पाच वर्षांनी विकलात तर कर्ज अजून ६६.५ बाकी असेल, कारण सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो. तुमचे २५, नोंदणी, मुद्रांक, दलाली आणि वकील यांचे मिळून ७ धरले तर ते, आणि वरचे २५.५ असे ५७.५ घातलेले असतील. विक्रीचा खर्च २ टक्के धरला तर फक्त घातलेलं मुद्दल परत यायला किंमत साधारण १२६.५ व्हावी लागते. म्हणजे सलग पाच वर्षं वर्षाला ४.८ टक्के वाढ. तीही तुमच्या पैशावर शून्य परतावा आणि विक्रीवरचा कर न धरता. व्याजावर करसवलत मिळत असेल तर तोटा थोडा हलका होतो, पण भरलेल्या व्याजाचा एक हिस्साच परत येतो, हे विसरू नका.

तुमच्या हिशोबात ते खरेदीखर्चाचे ७ कुठेच दिसत नाहीत. बँक ते सहसा कर्जात धरत नाही. मग लोक ऐन वेळी वैयक्तिक कर्ज काढतात, आणि सगळं गणित तिथेच बिघडतं.

बदलत्या दराचंही बघा. दर ९ वरून १० झाला तर बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. तुमच्या कर्जात २४० हप्त्यांचे सुमारे ३१४ होतील, म्हणजे मुदत सहा वर्षांहून जास्त वाढेल. हप्ताच वाढवून घेतला तर तो फक्त ७ टक्क्यांच्या आसपास वाढतो. पगाराला झेपत असेल तर दुसरा पर्याय निवडा आणि तसं लेखी कळवा.

मग कधी घ्यावा? खरेदीखर्च वेगळा ठेवून किमान ४० टक्के स्वतःचे भरता आले, सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला राहिला आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ३५ ते ४० टक्क्यांत बसले, तर पुन्हा विचार करा. ४० भरले तरी वर्षाला साधारण ३.५ खिशातून जातीलच, पण पगार त्याला पेलू शकतो. तोवर मालमत्तेत पैसा हवाच असेल तर रीटची (भाडं देणाऱ्या मोठ्या इमारतींची मालकी असलेल्या, शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या ट्रस्टची) युनिट्स थोडी थोडी घेता येतात. भाव खाली-वर होतो, पण कर्ज लागत नाही आणि गरज पडली तर थोडीच विकता येतात. फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

एवढं वाचूनही हाच फ्लॅट घ्यायचा ठरलं, तर टोकन देण्याआधी मालकीची कागदपत्रं स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या. बँकेची तपासणी बँकेच्या पैशासाठी असते. भाड्याचा आकडा विकणाऱ्याकडून घेऊ नका, त्याच इमारतीतल्या दोन-तीन भाडेकरूंना विचारा. आणि कर्ज मंजूर झालं नाही किंवा कागदांत खोट निघाली तर टोकन पूर्ण परत मिळेल, हे पावतीवरच लिहून सही घ्या.